तीन चाव्यांचा गुणाकार

— नाही, उदबत्तीला हात लावायचा नाही. ठेवा ती खाली. रीत मला शिकवू नका, चौऱ्याऐंशी वर्षं तीच करत आले — पाहुणा येतो, देव्हाऱ्यापुढं बसतो, उदबत्ती लावतो, गेलेल्याला नमस्कार करतो आणि मग घरच्यांशी बोलतो. पण तुमच्यासाठी नाही, त्सुचिया साहेब. फोटो लांबून बघा. दिसतोय ना? कात्सुमी. माझा मुलगा. त्रेचाळीस वर्षांचा, बर्फाच्या कारखान्यात कामाला, गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक. फोटोत हसतोय म्हणून फसू नका, हसायचा तो फक्त फोटोवाल्याला. घरात तोंड फुगलेलं. माझ्यावरच गेला होता. ती मिठाईची पेटीही उचला तिथून — टोकियोच्या मोठ्या दुकानाचा कागद आहे, कळलं मला. गोड मला चालत नाही. चालत असतं तरी तुमचं चाललं नसतं. बसा. गुडघ्यांवरच बसा, हो. उशी नाही. पाय दुखतात? एकाहत्तरीला दुखतातच. दुखू द्या.

मी माझं काम करत बोलणार, मार्च आहे, वाकामेचा हंगाम आहे, हे टोपलं संध्याकाळपर्यंत शेडवर परत जायला हवं — उकळून मिठात घातलेलं हे समुद्री शेवाळ, याची मधली जाड शीर अशी ओढून काढायची, पान एकीकडं, शीर एकीकडं. बघा, एका झटक्यात. वीस वर्षांची पोरगी करेल त्याच्या दुप्पट करते मी. तर — पत्रं मिळाली ना सगळी? एकशे चौदा. दर महिन्याच्या अकरा तारखेला एक. प्रत्येकावर एकच ओळ. म्हणा बघू. विसरलात? एकशे चौदा वेळा वाचून? बरं, मी म्हणते — ‘शंभर गुणिले पन्नास गुणिले दोनशे, उत्तर पडताळून पाहावे.’ एकाही पत्राला उत्तर नाही. आणि एकशे चौदाव्यानंतर अचानक बसमधून उतरता, डोंगर चढून माझ्या दारात येता — का? मला कळत नाही असं वाटतं? उद्या सभा आहे म्हणून. उद्या दहा वाजता शाळेच्या व्यायामशाळेत गावासमोर नदीच्या तोंडावरच्या नव्या दरवाज्याचा अहवाल मांडायचाय, सल्लागार म्हणून तुमचं नाव पहिल्या पानावर, आणि मेलेल्यांच्या घरच्यांतर्फे बोलणार कोण, तर ही म्हातारी. आणि म्हातारीपाशी तुमच्या जुन्या अहवालातलं ते पान आहे. ते तिनं वाचू नये म्हणून आलात. हो की नाही? — मान हलवू नका, तोंडानं बोला. राहू दे. मीच बोलते.

गणित मला शाळेत कुणी शिकवलं नाही. पुढची शाळा नव्हती माझ्या नशिबी, सहावीनंतर मासे सोलायला बसवलं. त्सुनामीत सगळं वाहून गेल्यावर पत्र्याच्या खोल्यांत राहत होतो, तेव्हा फिरतं वाचनालय यायचं गुरुवारी. त्या गाडीतल्या मुलीला म्हटलं, संभाव्यतेचं पुस्तक दे, लहान पोरांचं असलं तरी चालेल. ती म्हणाली, आजी, विणकामाचं छान आलंय. मी म्हटलं, विणकाम तुझ्या आजीला दे. अडीच वर्षं लागली, साहेब. लाल अझुकीचे, चवळीएवढे दाणे घेऊन शिकले, शंभर दाणे टेबलावर, त्यातला एक काळा. तेव्हा कुठं तुमचं पान मला वाचता आलं. गावच्या प्रमुखाच्या फाइलमध्ये होतं, त्याचं घर डोंगरावर म्हणून वाहून गेलं नाही. एवढंसं पान! नदीच्या तोंडावरचा लोखंडी दरवाजा वेळेवर बंद होणार नाही याची शक्यता. पहिली ओळ — वीज जाईल: शंभरात एक. दुसरी — वीज गेली तर जनरेटर चालणार नाही: पन्नासात एक. तिसरी — तोही बिघडला तर हातानं हँडल फिरवून बंद करता येणार नाही: दोनशेत एक, कारण हँडलच्या खोलीच्या चाव्या तीन, तीन वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या. आणि मग तुम्ही काय केलंत? गुणलंत. दहा लाखांत एक. खाली सही, शिक्का. गावानं ते वाचलं आणि निवांत झोपलं. बंदराच्या भिंतीवर पाटी लावली — आमचं त्सुरुहामा सुरक्षित. अहो, दहा लाखांत एक म्हणजे लोकांना वाटतं आपण मरू पण दरवाजा उघडा राहणार नाही!

आता मला सांगा — शिकलेला माणूस आहात — वीज कशानं जाते? भूकंपानं. जनरेटर कशानं पायावरून उखडतो, त्याची तेलाची नळी कशानं तुटते? भूकंपानं. बंदराच्या कचेरीचं दार कशानं अडकतं? कोण येतं आधी, समुद्र की भूकंप? भूकंप येतो आधी आणि एकेकाच्या कानफटात मारत जातो, आणि समुद्र मागून येतो. ही तीन वेगवेगळी संकटं नव्हतीच, एकाच आईची तीन पोरं होती, हात धरून आली. तुम्ही त्यांना तीन अनोळखी माणसं समजून गुणाकार केलात. एक पडलं की दुसरं पडणारच होतं. शंभर आणि पन्नास — दोन्ही आकडे एका हिसक्यात एक झाले, एक! त्या दुपारी वीज जायला पंधरा सेकंदं लागली आणि जनरेटर मरायला तेवढीच. आणि वर सांगते — लाट भिंतीवरून आली नाही आमच्याकडं. दुसऱ्या गावांत आली, आमच्या खाडीत नाही. भिंतीपेक्षा हातभर खुजी राहिली. पाणी आलं ते फक्त त्या दरवाज्यातून. एकोणीस माणसं. सगळी खालच्या गल्लीतली. भिंतीमागं आहोत म्हणून घरातून निघालीच नाहीत. पाटी वाचली होती ना त्यांनी.

थांबा, माझं संपलं नाही. दुसरी गोष्ट. गुणाकार एक, बेरीज दुसरी. तुमच्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात — ‘इतर कारणे: नगण्य’. वा! शेडमध्ये शिरा काढत बसलो होतो एकदा आम्ही बाया, तेव्हा मी फुमिएला विचारलं — समोरच्या घरातली फुमिए, जिभेला हाड नाही बाईच्या — म्हटलं, सांग, एखादा माणूस हातानं दरवाजा बंद करायला निघाला तर तो बंद होणार नाही असं शंभरात किती वेळा घडेल? म्हणाली, “इसो आजी, एकदा! फार तर!” मी तिच्यापुढं दाणे ठेवले. म्हटलं, आता एकेक सांगते, एकेकाला दाणे घाल. रस्त्यावर बर्फ पडलाय, घसरला. तिनं तीन घातले. पुलावर गाड्यांची कोंडी. पाच. हँडलची खीळ गंजलीय. चार. वाटेत आईला बघायला थांबला. तिनं आठ घातले. लग्नाला जाऊन पिऊन आलाय. “मग माझ्या नवऱ्याचं काय, तो रोजच कुणाच्यातरी लग्नाला जातो!” — हसल्या सगळ्या, सहा घातले. चावी सापडली नाही. आठ. मोजा म्हटलं. चौतीस! काही एकमेकांत मिसळतात, मान्य आहे, पुस्तकात लिहिलंय ते — तीस धरा. बर्फावर घसरलेला माणूस प्यायलेलाही असू शकतो. पण एकातून तीस! तीच बाई, तेच डोकं, दहा मिनिटांत. का? कारण नाव घेतलं नाही तोवर ती कारणं ‘इतर’ या शब्दाखाली पांघरूण घेऊन झोपलेली असतात. नाव घेतलं की एकेक उठून बसतं. तुम्ही एकाचंही नाव घेतलं नाहीत, साहेब. एकटं एकेक कारण लहानच असतं. पण दरवाजा उघडा राहायला सगळी लागत नाहीत, त्यातलं कुठलंही एक पुरतं. गुणायला तुम्हाला भारी आवडतं, उत्तर लहान होतं ना गुणलं की! बेरीज करायला हात जड होतो. नगण्य म्हणे. त्या नगण्यात माझा मुलगा आहे.

चहा घ्या. गार झालाय? गारच दिला होता.

उद्या काय करणार ते ऐकून घ्या आता. पहिल्या रांगेत बसवणार तुम्हाला. पान वाचणार. एकेक आकडा. मग एकोणीस नावं, वयासकट. मग नव्या अहवालातलं वाचणार — तोही आला माझ्याकडं, काय समजता — चार बंदोबस्त, चौघांचा गुणाकार, एक कोटीत एक! आणि चारही बंदोबस्त एका खोलीत, एका छपराखाली. बारा वर्षांत तुम्ही एक आकडा वाढवायला शिकलात फक्त. तुमचा मुलगाही याच धंद्यात आहे ना? तोही येऊ दे. बापाचं नाव कसं उच्चारलं जातं ते ऐकू दे त्याला. मला माफी नको, साहेब, मला तुमची मान खाली नको, ती आत्ता आहेच — मला ती उद्या हवीय, सगळ्यांसमोर, दिवसाच्या उजेडात. नऊ वर्षं मी त्या व्यायामशाळेत मनातल्या मनात उभी आहे. रडणार नाही, ओरडणार नाही. नुसती वाचणार. कात्सुमी हँडल फिरवत होता, साहेब. जाडजूड लोखंडी हँडल, पूर्ण बंद व्हायला सहाशे फेरे. दोघांचं काम, तो एकटा. पाणी ओसरल्यावर दरवाजा मोजला त्यांनी — तीनातले दोन हिस्से खाली आला होता. म्हणजे चारशे फेरे. चारशे फेरे फिरवले माझ्या पोरानं! मिनिटाला वीस, त्याहून जोरात ते फिरतच नाही. आणखी दोनशे हवे होते, दहा मिनिटं हवी होती नुसती, आणि तो काही उशिरा निघाला नव्हता, हादरे थांबले तसा धावला, त्याची सगळी मिनिटं कुठं गेली, तर त्या बुटांच्या कपाटाखाली, उलटं पडलेलं कपाट आणि त्याखाली चावी, अकरा मिनिटं उपसत होता, मी म्हणतेय राहू दे रे, आणि तो —

काय?

काय बघताय असं?

हो. बुटांचं कपाट. माझ्या घरातलं. खालच्या गल्लीतल्या. मग?

तुमच्या कागदावर चाव्या कुठं आहेत ते मला माहीत आहे, मला नका सांगू. एक दलाच्या प्रमुखाकडं, एक बंदराच्या कचेरीत, एक वर देवळात. तुम्ही स्वतः चढून गेला होता बघायला, हो, एकशे बारा पायऱ्या, आणि देवळातल्या बाईनं तुम्हाला पर्सिमनची फळं कापून दिली होती. सगळं ठाऊक आहे. दलाचा प्रमुख समुद्रावर होता आणि त्याच्या घराचा कोपरा बसला. कचेरीचं दार अडकलं, छत आलं खाली. आणि तिसरी —

तिसरी देवळात नव्हती.

ती बाई — पुजाऱ्याची बायको — नाकानं कांदे सोलणारी, शहरातून आलेली, कॉलेज शिकलेली. तुम्ही अहवाल करून गेलात त्याच शरद ऋतूत. पितरांच्या जेवणाला सगळं गाव जमलं होतं, मी लाकडी पट्ट्यांवर पितरांची नावं लिहीत होते, ब्रशनं, माझी मीच शिकलेय ते, आणि एका नावातली खूण चुकली. एक रेघ. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “इसोसान, राहू द्या, ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यावर हे ओझं नको.” गोड आवाजात! हात धरून ब्रश काढून घेतला माझ्या हातातून. दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढून गेले, घंटेशेजारच्या खिळ्यावरून चावी काढली, म्हटलं, आमच्या पोरांच्या दलाची चावी तुमच्याकडं कशाला, दर महिन्याच्या सरावाला माझा मुलगा तुमच्यापुढं वाकणार नाही. ती म्हणाली, तुमची मर्जी. घरी आणली. दाराशी, बुटांच्या कपाटावर टांगली. कात्सुमी म्हणाला, आई, हे बरं नाही, ती वरच असायला हवी. मी म्हटलं, आईला शिकवतोस? फुगून बसला दोन दिवस. पण परत नेऊन लावली नाही त्यानं. मला भीत होता. सगळेच भितात.

बर्फाचा कारखाना कुठं होता माहीत आहे ना? देवळाच्या पायऱ्यांच्या तळाशी. भिंत तिथूनच सुरू होते. वर जायला-यायला चार मिनिटं, मग भिंतीवरूनच सरळ दरवाज्यापर्यंत, पायाला पाणी लागलं नसतं. कात्सुमी उलटा धावला. खाली. माझ्या दाराकडं. घर तिरकं झालेलं, कपाट आडवं. मी तिथंच होते. बूट फेकत होता एकेक, माझे, त्याचे, बापाचे जुने, ते टाकवत नव्हते म्हणून ठेवलेले. शेवटी सापडली. “आई, तू वर जा,” म्हणाला. मी वर गेले. त्या बाईनंच हात देऊन ओढून घेतलं मला वर, एकशे बाराव्या पायरीवर.

हे गणित मी कुणाला पत्रात पाठवलं नाही. चार मिनिटांचा जिना की अकरा मिनिटांचं कपाट. सात उरतात. दोनशे फेऱ्यांना दहा लागतात — पण सातात एकशे चाळीस झाले असते, उरली असती फूटभर फट, आणि घरापर्यंत जायचं-यायचं धावणं वाचलं असतं ते वेगळं. झालंच असतं. मी सगळ्या बाजूंनी करून पाहिलंय, दाणे मांडून, कागदावर, पडल्या पडल्या. तुमचा तो तिसरा आकडा बरोबर होता, त्सुचिया साहेब. दोनशेत एक. तुम्ही पाहून लिहिला होता. तुमच्या दहा लाखांपैकी पाच हजारांचा घास भूकंपानं घेतला. उरलेले दोनशे मी खाल्ले.

आता बोला की! बारा वर्षं गप्प होतात, आता बोला.

... काय म्हणालात?

पुन्हा म्हणा.

‘हे आपल्या दोघांतच राहील.’ असं म्हणालात तुम्ही. तुम्ही चावीचं बोलणार नाही आणि मी पानाचं बोलू नये. आवाज केवढा मऊ झाला हो तुमचा! आल्यापासून पहिल्यांदा पाठ सरळ केलीत. अरे, तुला — तुला वाटलं काय, सापडली म्हातारी? मी चुकून बोलून गेले आणि तुझ्या हाती लगाम आला? बारा वर्षांत एक माणूस असा भेटला नाही ज्याला हे सांगावं, आणि सांगितलं ते कुणाला! बघ, पुन्हा तेच करतोयस. दोन गुपितं, दोन माणसं, दोन्ही गप्प राहतील, म्हणजे दुप्पट पक्कं — हो ना? पण दोन्ही एकाच भीतीला टांगलेली आहेत. एक खिळा निघाला की दोन्ही खाली. एवढंही शिकला नाहीस तू. आणि मी गप्प बसले तर नव्या अहवालात पुन्हा लिहिशील, चाव्या तीन ठिकाणी, पाहून खात्री केली. आणि पुढच्या शरद ऋतूत कुणीतरी बाई कुणाला तरी काही तरी बोलेल.

त्या तुझ्या तक्त्यात बाईच्या रागाला रकाना नव्हता. उद्या पडेल.

ऐक. उद्या दहाला मी उभी राहणार. आधी माझं वाचणार. कोमुकाई इसो, खालची गल्ली, देवळातली चावी स्वतःच्या मानापायी घरी आणली. फुमिए ऐकेल. तिचा भाऊ होता एकोणिसांत. ती माझ्याकडं पुन्हा बघणार नाही, शेडमध्ये माझ्या शेजारी कुणी टोपलं ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. देवळातली बाई तिथंच असेल, तिलाही ऐकू दे, चावीचं ठाऊक असून तिनं बारा वर्षं तोंड उघडलं नाही. कीव केली माझी. तिची कीव मी तिला परत करणार. आणि मग, सगळं गाव माझ्यावर थुंकून घसा कोरडा करून बसलं की — मग मी तुझं पान उघडणार. तेव्हा कुणी म्हणू शकणार नाही की म्हातारी दुःखानं बोलतेय, सूडानं बोलतेय, दुसऱ्याच्या माथी मारतेय. माझं आधी मोडून ठेवलेलं असेल तिथं, सगळ्यांच्या पायाशी. मग तुला लपायला जागा कुठली? तुझ्यासाठीच तर मोडते आहे मी ते.

ऊठ. पायाला मुंग्या आल्यात? भिंतीला धर. त्या भिंतीला नको, त्या बाजूला माझा मुलगा आहे.

शेवटची बस पाचला. सराईत खोली घे आणि झोप, दाढी करून ये सकाळी. नऊला दारं उघडतात.

जा.